खेकड्यांची मोजणी

आषाढातल्या एका दुपारी, तास संपल्यावर, बारावीतली एक मुलगी कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आली. जालन्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भूगोल शिकवतो. प्रकल्पांचे दिवस होते. कागद तिनं जुन्या जालन्यातल्या एका इंटरनेट कॅफेतून छापून आणला होता. येताना भिजला असावा, एका कोपऱ्यातली शाई पसरली होती. कुठल्या देशानं कुठल्या वर्षी किती खेकडे धरले, त्याच्या रेघा होत्या त्यावर. चीनची रेघ चढत निघालेली. तिथं लोक तळ्यांत खेकडे पाळायला लागले होते. कॅनडाचीही वर जाणारी. इंडोनेशिया, व्हिएतनाम आणि आपला देश खालच्या बाजूला दाटीवाटीनं, हळूहळू डोकं वर काढणारे. आणि एक रेघ अमेरिकेच्या उत्तर टोकाच्या थंड समुद्रातल्या मोठ्या लाल खेकड्यांची. ती ऐंशीच्या सुमाराला उंच गेली होती आणि तिथून कड्यावरून पडावी तशी खाली आली होती.

ही रेघ अशी का पडली, असं तिनं विचारलं. मी सांगितलं. नेमकं कारण काय यावर अजून वाद आहे, पण माणसांनी फार ओरबाडलं हे त्यातलं एक. मग तिथल्या सरकारनं काही ठिकाणी पकड बंदच केली. जिथं चालू ठेवली तिथंही मादी सापडली तर परत पाण्यात सोडायची, नर लहान असेल तर तोही सोडायचा, असे नियम पाळायला लावले. ती भराभर लिहून घेत होती. लिहून झाल्यावर पेनाला टोपण लावत तिनं सहज विचारलं, "पण सर, पाण्यातले खेकडे मोजतात कसे?"

बंदरावर वजन करतात, बोटीवर नोंद ठेवतात, असं काहीतरी मी बोललो. ती गेली. मी मात्र खुर्चीतून उठलो नाही. बाहेर पन्हाळीतून पाणी पडत होतं, शिपाई खिडक्या लावत होता, आणि माझ्या अंगाला ओल्या चिखलाचा एक वास येत होता, जो त्या खोलीत कुठंच नव्हता. खेकड्यांचा एक आकडा मी स्वतः मोजलेला आहे. तो कसा मोजला, हे मी सोळा वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं.

आमचं गाव हसनाबादपासून दोन-तीन कोसांवर. गावाच्या अंगानं एक ओढा जातो. उन्हाळ्यात त्यात नुसते गोटे दिसतात, पण मृग-आर्द्रा झाल्या की तो बोलायला लागतो. काठाची काळी माती फुगते, करंजाच्या मुळ्यांखाली पाणी खेळतं, आणि त्या मुळ्यांच्या आड, काठाच्या बिळांत, खेकडे जागे होतात. आमच्या घरी माळकरी वातावरण, त्यामुळं चुलीवर खेकडा कधी चढला नाही. पण वडिलांना खोकला झाला की चंद्रामावशीकडून वाटीभर काढा यायचा आणि तो कशाचा आहे हे कुणी विचारायचं नाही.

चंद्रामावशी आमच्या शेतात कामाला यायची. तिच्या सासऱ्याच्या काळात त्यांच्याकडं मेंढरं होती. नवऱ्याच्या काळात ती विकली गेली. नवराही लवकर गेला. राहिली ती आणि तिची एकुलती एक लेक, रुक्मीण. उंच, काटक बाई. कपाळावर गोंदलेलं, हाताच्या बोटांवर बारीक पांढरे वण. ते खेकड्यांच्या नांग्यांचे होते. पावसाळ्यात खुरपणीला येण्याआधी ती ओढ्यावर जायची आणि पाटीभर खेकडे घेऊन यायची, वर ओला पळसाचा पाला. गावात कुणाला बारीक ताप असो, कुणाची बाळंतीण अशक्त असो, लोक तिच्याकडं निरोप धाडायचे. ती नांग्या पाट्यावर वाटायची, रस फडक्यानं गाळायची, त्यात लसूण आणि काळं तिखट घालून उकळायची. तिच्या घरापुढून त्या वेळी गेलं की नाकात तिखट आणि पाण्याचा एक थंड, हिरवट वास एकदमच शिरायचा. सबंध पावसाळा मला अजून त्या वासानं आठवतो.

मी तेव्हा औरंगाबादला एम.ए. करत होतो. गावातला पहिलाच. सुट्टीत घरी आलो की पारावरची माणसं सरकून मला जागा करून द्यायची, आणि ती जागा माझीच आहे असं मला हळूहळू वाटायला लागलं होतं. प्रबंधिकेसाठी विषय हवा होता. आमच्या सरांनी एका जाडजूड वार्षिकातला तक्ता दाखवला. जपान, रशिया, अमेरिका, थायलंड, चीन, प्रत्येकाच्या नावापुढं खेकड्यांचे आकडे. सर म्हणाले, हे सगळं समुद्राचं झालं. मराठवाड्यातल्या ओढ्यांतून गरिबाच्या पोटात किती जातं, हे कुणी मोजलेलं नाही, तू एक ओढा घे. मला ते फार आवडलं. जपानच्या, रशियाच्या खाली, शेवटच्या ओळीत आमचा ओढा. मी ती ओळ मनातल्या मनात कितीदा तरी लिहून पाहिली.

त्या आषाढात मी वही घेऊन चंद्रामावशीच्या मागं मागं हिंडलो. खरं तर तेवढेच दिवस मला त्या सगळ्यातून वाचवून ठेवावेसे वाटतात. सकाळचं कोवळं ऊन, घोट्यापर्यंत पाणी, आणि ती पुढं वाकून चालतेय. बिळाच्या तोंडाशी मातीच्या ओल्या गोळ्या असल्या तर आत खेकडा आहे. कोळ्याचं जाळं असलं तर हात घालू नको, आत दुसरंच काही असेल. हात घालताना पालथा घालायचा, बोटं बिळाच्या छताला लावून, आणि मागून धरायचं. पोटाखालची चपटी झडप अरुंद असली तर नर, रुंद असली तर मादी. एकदा तिनं एक मादी उचलून माझ्यापुढं धरली आणि अंगठ्यानं ती झडप अलगद उघडली. आत मोहरीएवढी पिल्लं, दाटीनं, सगळी हलत होती.

"लेकुरवाळी हाय," ती म्हणाली. "हिला हात लावायचा न्हाई." आणि तिनं ती मादी दगडाच्या सावलीत सोडली, पाणी जरा स्थिर होईपर्यंत तिथंच वाकून उभी राहिली.

कागद घेऊन आलेल्या त्या मुलीला मी जो दूरदेशीचा नियम सांगितला, तो मी पहिल्यांदा असा पाहिला होता. वहीत मी तो लिहिलाही. पण चंद्रामावशीचं नाव लिहिलं नाही. 'स्थानिक लोकांकडून मिळालेल्या माहितीनुसार' असं लिहिलं.

अडचण आकड्याची होती. मावशी दिवसाला जेवढे लागतील तेवढेच धरायची. ओढ्यात एकूण किती आहेत हे तिला ठाऊक नव्हतं आणि त्याची तिला गरजही नव्हती. सरांनी पद्धत सांगितली होती. काठाचे तुकडे पाडायचे, रोज एकेक तुकडा दगड उलटून तपासायचा, महिनाभर नोंदी ठेवायच्या. मी चार दिवस केलं. कंबर मोडली, पायाला चिखल्या झाल्या, आकडा काही जमेना. सुट्टी संपत आली होती. आमच्या गोठ्याच्या फळीवर कपाशीवर फवारायच्या औषधाची बाटली होती. पाचव्या दिवशी सकाळी ती पिशवीत घालून मी ओढ्याच्या वरच्या डोहाकडं गेलो. पाणी जिथून डोहात उतरतं, तिथं मी अर्धी बाटली ओतली. पाण्यावर पांढुरकी साय धरली आणि मोडली. उग्र वास आला. मी नाकाला रुमाल बांधून दगडावर बसलो.

घटकाभरानं ते बाहेर यायला लागले. बिळांतून, मुळ्यांखालून, कपारींतून. खेकडा चालतो तसे नव्हे. झिंगल्यासारखे, एका बाजूला कलत, पाय ओढत. काठावर येऊन ते उताणे पडत होते आणि पाय हवेत हलवत होते. त्यांत रुंद झडपांच्या माद्या होत्या. मी काठीनं एकेक बाजूला सारत मोजत गेलो, दहाची एक रेघ करत. मला आठवतं, मोजणी मनासारखी होत होती याचा मला आनंद झाला होता. तो आकडा मी इथं लिहीत नाही. मोजून झाल्यावर खड्डा करून सगळे पुरले, बाटली धुतली आणि वही बगलेत मारून घरी निघालो.

वाटेत, ओढ्याच्या खालच्या वळणाच्या चढावर, चंद्रामावशी समोरून आली. डोक्यावर पाटी. त्या दिवसांत तिचं पाऊल जमिनीला लागत नव्हतं, कारण रुक्मीण बाळंतपणाला माहेरी आली होती आणि बारा दिवसांपूर्वी तिला मुलगी झाली होती. रुक्मिणीचं सासर घनसावंगीकडं, दूर. पहिलं बाळंतपण म्हणून, मावशीनं खूप मिनतवाऱ्या केल्यावर सासूनं तिला धाडलं होतं.

मावशीनं पाटी खाली उतरवली, पाला बाजूला केला. पाटी भरलेली होती. ती म्हणाली की आज खालच्या वळणाला हात घालावाच लागला नाही, आपसूक हातात आले. मग एक खेकडा उचलून तिनं माझ्यापुढं धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"यांच्या अंगात जोर न्हाई रे अंकुश. नांगी उचलून नाही राह्यले. असं कामून असंल?"

मला कळलं होतं. खालचं वळण डोहापासून हाकेच्या अंतरावर आहे; पाणी तिथं जाणारच. त्या क्षणी तोंडातून एक वाक्य काढायचं होतं. पण ते काढलं तर ओढ्यात औषध ओतलं हे गावभर होणार, गुरं त्याच पाण्यावर जातात, वडील पारावर मान खाली घालून बसणार, आणि पारावरची ती माझी जागा... हे सगळं मी एका श्वासात पाहिलं आणि म्हणालो की कात टाकत असतील, त्या दिवसांत ते सुस्तच असतात.

"कात टाकलेला मऊ असतो," ती म्हणाली. "हे टणक हायती." तिनं तो हातात फिरवून पाहिला. मग माझ्याकडं पाहिलं. "तू शिकलेला हाइस. रुक्मिणीसाठी न्यायलेय. काही होत न्हाई ना?"

"काही होत नाही, मावशी," मी म्हणालो.

तिनं पाटी डोक्यावर घेतली. माझ्या शब्दावर घेतली.

त्या दिवशी सोमवार होता आणि मावशीचा उपास. रस्सा एकट्या रुक्मिणीनं घेतला. दुपारी आरडाओरडा ऐकू आला तेव्हा मी ओसरीवर आकडे पक्के करत होतो. मावशीच्या घरी गेलो तर रुक्मीण घामानं भिजलेली, तोंडातून लाळ, हातापायांचे स्नायू कातडीखाली उडत होते. बाळ शेजारणीच्या मांडीवर रडत होतं. कुणीतरी जीप आणली. मी शिकलेला म्हणून लोकांनी मलाच पुढं बसवलं. हसनाबादच्या डॉक्टरांनी डोळ्यांवर बॅटरी मारली, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या पाहिल्या आणि जालन्याला न्यायला सांगितलं. जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरात फवारणीचं औषध होतं का, पोरीनं स्वतःच घेतलं असेल का, कुणी दिलं असेल का. दुसऱ्यांदा एक वाक्य काढायचं होतं.

मी म्हणालो, "सकाळी खेकडे खाल्ले होते. शिळे असतील."

डॉक्टरांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही, एवढंच रुक्मिणीचं नशीब. त्यांनी विषबाधेचीच इंजेक्शनं चालू केली. ती वाचली. नऊ-दहा दिवसांनी उठून बसली, पण अंगावरचं दूध आटलं होतं. बाळ शेळीच्या दुधावर राहिलं. आणि माझं ते वाक्य दवाखान्याच्या व्हरांड्यातून गावात पोचलं. शिकलेल्या पोरानं सांगितलंय म्हणजे खरंच. चंद्रीनं लेकीला मेलेले खेकडे खाऊ घातले. स्वतः मात्र तोंडाला लावले नाहीत.

सासरची माणसं दवाखान्यातूनच रुक्मिणीला घेऊन गेली. जीपमध्ये बसवताना सासू सगळ्यांदेखत बोलली की ज्या हातचं खाऊन पोर मरायला टेकली, त्या दारात आता पुन्हा पाऊल पडणार नाही. मावशी बाळाच्या टोपड्याची नाडी बांधत होती आणि ती तिला बांधता येत नव्हती. मग रुक्मीण आईकडं न बघता हळू आवाजात म्हणाली, "तू खाल्लं न्हाईस. मलाच दिलंस." जीप सुरू झाली. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.

प्रबंधिकेला चांगले गुण मिळाले. तक्त्यातल्या शेवटच्या ओळीचं तोंडी परीक्षेत विशेष कौतुक झालं. आकडा इतका नेमका कसा काढला, असं बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं आणि मी त्यांना चार दिवस केलेल्या पद्धतीचं वर्णन सांगितलं. निळ्या कापडी पुठ्ठ्याची एक प्रत माझ्या कपाटात आहे, एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात. वर जपान, रशिया, खाली आमचा ओढा. तो आकडा जिवंत खेकड्यांचा म्हणून छापला आहे. त्या प्रबंधिकेच्या बळावर नोकरी मिळाली, नोकरीच्या बळावर जालन्यात घर झालं. या घराची पायरी चढताना मला रोज काही आठवत होतं असं नाही, आणि तेच जास्त वाईट आहे. वर्षातले दहा महिने मी सुखानं जगत होतो. आषाढात बाजारात एखादी बाई पाटीत खेकडे घेऊन बसलेली दिसली की रस्ता बदलत होतो, इतकंच.

मावशी ओढ्यावर जायची थांबली. हे मला आईकडून कळलं. आजारपणात तिच्याकडं निरोप धाडणं गावानं बंद केलं. खुरपणीच्या बायका दुपारी गोल करून भाकरी खायच्या तेव्हा तिच्या फडक्यातलं कालवण कुणी पुढं होऊन घेईना. ती तक्रार करायची नाही. जरा लांब, बांधावर बसायची. आईनं एकदा मला फोनवर सांगितलं की चंद्रा आता स्वतःच्या हातांकडं बघत बसते. मी विषय बदलला. त्या फोनलाही आता सात-आठ वर्षं झाली असतील.

त्या मुलीचा कागद पाहिल्यावर तिसऱ्या दिवशी, रविवारी, मी गावी गेलो. मोठा निश्चय करून गेलो असं म्हणायचा मोह होतो. तसं नव्हतं. मला फक्त रात्री झोप येत नव्हती आणि मला झोप हवी होती.

मावशी दारात बसून तूर निवडत होती. पार वाळली होती, पण पाठ ताठ. मला बघून तिनं पोतं पुढं सरकवलं, तुझी आई बरी आहे का विचारलं. मी बसलो आणि सांगितलं. बाटली, डोह, मोजणी, चढावरची भेट, दवाखाना. सांगताना मी सुपाकडं बघत होतो. तिची बोटं खडे काढायची थांबली नाहीत.

मग तिनं विचारलं, "किती टाकलं व्हतं?"

अर्धी बाटली, मी म्हणालो.

"मी तुला इचारलं व्हतं."

"हो."

"कात टाकलेला मऊ असतो, असं म्हणलं व्हतं मी तुला."

"हो, मावशी."

तिची बोटं थांबली. तिनं दोन्ही हात सुपातून काढले आणि मांडीवर पालथे ठेवले. ते पांढरे वण अजून होते. "म्हंजे मला बराबर कळलं व्हतं," ती म्हणाली. माझ्याशी नव्हे. सोळा वर्षं तिला वाटत होतं की तिच्या हातांना जिवंत-मेलेलं, ताजं-शिळं ओळखता आलं नाही; ज्या एका गोष्टीत ती कधी चुकली नव्हती तिथंच, आणि तेही पोटच्या लेकीच्या बाबतीत, ती चुकली. मी तिचं माणसांतलं बसणं-उठणं घेतलं, लेक घेतली, हे मला ठाऊक होतं. तिचं हे ज्ञानही मी तिच्याकडून काढून घेतलं होतं, हे मला त्या दारात बसल्यावर समजलं.

मी तिच्या पायांकडं वाकलो. तिनं पाय आत ओढून घेतले.

"पाय नको धरू," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मला सांगून काय व्हतंय? घनसावंगीला जा. रुक्मिणीला सांग. ती म्हणली व्हती मला, तू खाल्लं न्हाईस म्हणून. तिला सांग."

दुसऱ्याच दिवशी जायला हवं होतं. मी गेलो नाही. चाचणीचे पेपर होते, पाऊस होता, एकदा तर मी बसस्थानकापर्यंत जाऊन परत आलो. रुक्मिणीचा नवरा अंगावर येईल ही भीती होती; तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या बापानं ऐकलं तर, हीसुद्धा होती. माणसाची लाज किती चतुर असते. ती मला सोळा वर्षं गप्प बसायला सांगत होती आणि मी तिलाच पश्चात्ताप समजत होतो. ज्या लाजेनं माणूस उठून चालायला लागतो ती वेगळी असावी. ती मला त्या आठ दिवसांतही आली नव्हती. मावशीचे ते मांडीवर पालथे ठेवलेले हात डोळ्यांपुढून हलेनात म्हणून नवव्या दिवशी मी जीपमध्ये बसलो.

घनसावंगीच्या बाहेर, उसाच्या फडाला लागून त्यांचं दोन खोल्यांचं घर. सासू वारल्याला दोन वर्षं झाली होती. नवरा पाणी धरायला गेला होता. रुक्मिणीनं मला लगेच ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर "दादा, तुम्ही" म्हणून खाट झटकली. तिच्या उजव्या हाताची बोटं बारीक थरथरत होती. ती थरथर त्या दिवसापासूनची, की नुसती कष्टाची, हे विचारायचं मला धैर्य झालं नाही. तिची मुलगी चहा घेऊन आली. मीना. दहावी झालेली, अकरावीला कुठं घालायचं यावर घरात बोलणं चालू होतं. शेळीच्या दुधावर वाढलेलं ते बाळ. माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसावी अशी मुलगी.

मी सांगायला सुरुवात केली. त्या वर्षी ओढ्यात औषध पडलं होतं, मी म्हणालो. वरच्या डोहातून ते खालच्या वळणापर्यंत गेलं. खेकडे तिथले होते. तुमच्या आईला त्यातलं काही माहीत नव्हतं, तिची काही चूक नव्हती, उलट तिला शंका आली होती. दवाखान्यात चुकीचं सांगितलं गेलं. असं मी बोलत होतो, आणि मला वाटत होतं की मी सगळं सांगतोय.

रुक्मीण खांबाला टेकून ऐकत होती. मीना दारात उभी होती. मी थांबल्यावर तिनंच विचारलं.

"औषध कुणी टाकलं व्हतं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला कळलं नव्हतं म्हणून ती विचारत होती.

"मी," मी म्हणालो. "खेकडे मोजायचे होते म्हणून टाकलं. तुझी आजी पाटी घेऊन भेटली तेव्हा मला कळलं होतं. तिनं मला विचारलं. मी काही होत नाही म्हणालो. आणि दवाखान्यात शिळे होते असं मीच सांगितलं."

रुक्मीण पुढं आली. माझ्यासमोरचा अर्धा प्यालेला चहाचा कप तिनं उचलला आणि आत नेऊन ठेवला. मग ती बाहेर आली तेव्हा तिनं लुगडं बदललं होतं, हातात पिशवी होती. शेजारच्या बाईला हाक मारून नवऱ्यासाठी निरोप दिला की माहेरी जातेय, उद्या-परवा येईन. मीनाला म्हणाली, "चप्पल घाल. आजीकडं जायचंय."

मीना आजीला कधी भेटली नव्हती.

जालन्यात गाडी बदलली. हसनाबादच्या गाडीत त्या दोघी पुढं बसल्या, मी मागच्या बाकावर. मी त्यांची तिकिटं काढायला लागलो तर रुक्मिणीनं हात आडवा केला, वाहकाकडं बघत, माझ्याकडं नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याएवढी झाली होती. कुठं कुठं फवारणी चालू होती आणि खिडकीतून तो उग्र वास येत होता. मीना खिडकीशी बसून सगळं बघत होती. अधूनमधून आईला काही विचारत होती, आणि रुक्मीण बोटानं दाखवून सांगत होती. काय सांगत होती ते मला ऐकू येत नव्हतं.

फाट्यावर आम्ही उतरलो. तिथून गाव अर्धा कोस. ऊन पडलं होतं, वाट चिखलाची होती. रुक्मिणीनं लुगड्याचा ओचा वर खोचला, चपला हातात घेतल्या, मीनालाही घ्यायला लावल्या. मी मागं निघालो तशी ती थांबली. "तुम्ही राहू द्या दादा," ती म्हणाली. तिनं 'दादा' म्हटलं ते सवयीनं.

मी फाट्यावरच्या बाभळीखाली थांबलो. दोघी बांधाबांधानं जाताना दिसत होत्या. मायलेकींची चाल सारखी होती, चंद्रामावशीसारखीच, लांब टांगांची. वळणाशी त्या बारीक झाल्या, मग पिकाआड गेल्या. रुक्मिणीनं एकदा तरी वळून बघावं अशी मी वाट पाहत होतो. ते माझ्या ध्यानात आलं तेव्हा, त्या उघड्या रस्त्यावर बघायला कुणी नसतानाही, मी चेहरा दुसरीकडं फिरवला.